तापातील आकडी आणि कुटुंबाचा वारसा

लहान मुलास ताप चढला असता आकडी येते, ही गोष्ट खेड्यातील कोणत्याही आजीबाईस ठाऊक असते. मूल एकाएकी ताठ होते, डोळे फिरवते, हातपाय झाडू लागते, तोंडाशी फेस येतो, आणि एकदोन मिनिटांत सारे शांत होऊन मूल गाढ झोपी जाते. पाहणाराच्या काळजाचे पाणी होते. परंतु बहुतेक मुलांच्या बाबतीत ही आकडी मेंदूस कोणतीही इजा न करता निघून जाते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या वयात शंभरांतील दोन ते पाच मुलांना ती केव्हा ना केव्हा येते, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. जपानात हे प्रमाण त्याहून अधिक आढळले. ज्यांना ती एकदा येते त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना पुन्हा येते. पुढे मोठेपणी खरा अपस्मार जडण्याचा संभव मात्र साध्या आकडीनंतर शंभरांत एकदोघांनाच असतो. पाचसहा वर्षे उलटली की हे थांबेल, असे डॉक्टर आईबापांना सांगतात, आणि ते बहुतांशी खरे ठरते.

प्राथमिक शिक्षकाचा या विषयाशी संबंध येतो तो त्या ‘बहुतांशी’ या शब्दामुळे. मूल सहा वर्षांचे झाले की पहिलीच्या वर्गात येऊन बसते. म्हणजे ज्या वयात ही आकडी संपावयाची, त्याच वयात शाळा सुरू होते. जिची संपते ती मुले शिक्षकाला कधी कळतही नाहीत. ज्यांची संपत नाही, ती मात्र त्याच्याच वर्गात असतात, आणि त्यांच्या घरची माणसे “आता वय झालं, आता येणार नाही” अशा समजुतीत असतात. सातआठ वर्षांच्या मुलास ताप असताना वर्गात आकडी आली, किंवा एके दिवशी ताप नसतानाही आली, तर ती नेहमीची तापातील आकडी म्हणून सोडून देण्याजोगी राहत नाही. आणि चौकशीत जर असे निघाले की त्याच्या आत्यालाही लहानपणी असेच होत असे, आजोबांनाही बरीच वर्षे आकडी येत असे, तर कुटुंबातून चालत येणाऱ्या एका विशिष्ट अपस्माराची शंका घेण्यास जागा आहे. वैद्यकात त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जेफ्स प्लस’ असे म्हणतात. नावाचा अर्थ सरळ आहे : तापातील आकडी, आणि शिवाय आणखी काही.

या विकाराची ओळख पटली ती १९९७ साली, ऑस्ट्रेलियात. इंग्रिड शेफर व सॅम्युएल बर्कोविक या दोघा मज्जातंतुतज्ज्ञांपुढे एक असे घराणे आले की ज्याच्या वंशावळीत सुमारे दोन हजार व्यक्तींची माहिती उपलब्ध होती. त्या विस्तीर्ण वंशवृक्षाच्या एका फांदीत चार पिढ्यांत मिळून पंचवीस जणांना आकड्यांचा विकार होता. नवल असे की या पंचवीस जणांचा विकार एकसारखा नव्हता. बहुतेकांना वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास तापात आकडी सुरू झाली, ती सहाव्या वर्षानंतरही येत राहिली किंवा तापावाचूनही येऊ लागली, आणि साधारणपणे अकराव्या वर्षाच्या आसपास आपोआप थांबली. काहींना मोठ्या आकडीच्या जोडीला क्षणभर भान हरपण्याचे झटके येत. काहींचे अंग दचकल्यासारखे उडे. काहींचा तोल एकदम जाई. आणि एकास तर फारच बिकट स्वरूपाचा अपस्मार होता. तोवर या सर्व प्रकारांना वेगवेगळी नावे होती व ते वेगवेगळे रोग मानले जात. एकाच घरात, एकाच रक्ताच्या माणसांत ते शेजारी शेजारी आढळल्यावर त्यांचे मूळ एक असावे, हे उघड झाले. पहिले वर्ष आणि अकरावे वर्ष हे दोन आकडे शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. या विकाराचा उत्तरार्ध जवळजवळ संपूर्णपणे पहिली ते पाचवीच्या काळात येतो.

आता आकडी म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. मेंदूतील असंख्य पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांनी एकमेकींशी बोलत असतात. वर्गात जसा मुलांचा नित्य गुणगुणाट चालतो, कोणी पाढे म्हणतो, कोणी वाचतो, तसाच हा व्यवहार. एखादे वेळी सारा वर्ग एकाच क्षणी एकच शब्द एका सुरात ओरडू लागला तर कोणाचेच काम होणार नाही. मेंदूतील पेशींच्या मोठ्या समूहाने असेच एकदम व एकतालात संदेश सोडण्यास आरंभ केला की आकडी येते. हे सहसा घडत नाही, कारण काही पेशींचे कामच इतरांना आवरून धरण्याचे असते. त्यांना मेंदूतील वर्गनायक म्हणावयास हरकत नाही.

प्रत्येक पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. पाटाचे दार उचलले की पाणी शेतात शिरते व दार पाडले की थांबते, त्याप्रमाणे या दारांतून सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात आणि त्यायोगे संदेश उमटतो. ही दारे कशी घडवावयाची याची सूचना आईबापांकडून मिळालेल्या जनुकांत असते. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की अशा एका कुटुंबात सोडियमच्या दाराच्या एका भागाच्या जनुकात एका ठिकाणी बदल झालेला आहे. २००० साली दुसऱ्या एका जनुकात, ज्यास एससीएन-वन-ए म्हणतात, तसेच बदल सापडले. आणि आज या घराण्यांच्या विकारात हेच जनुक सर्वांत महत्त्वाचे गणले जाते. त्यापुढील वर्षी पेशींना आवरणाऱ्या संदेशाशी संबंधित असे आणखी एक जनुक हाती लागले. तथापि पुष्कळ कुटुंबांत तपासणी करूनही जनुकातील दोष सापडत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

एससीएन-वन-ए या जनुकाने घडणारे दार विशेषेकरून त्या वर्गनायक पेशींत कामास येते. दार सदोष झाले की वर्गनायकाचा आवाज बसल्यासारखा होतो. एरवी कसेबसे निभावते. पण ताप चढला, की अंगातील उष्णतेने सर्वच पेशींचे व्यवहार बदलतात व जलद होतात, आणि दुबळ्या झालेल्या नियंत्रणाची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ताप हा आकडीचे निमित्त ठरतो. तापाचे कारण काय, सर्दी की घसा की गोवर, याला फारसे महत्त्व नसते.

वारशाचा प्रश्न मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण खेड्यांत सर्वाधिक दुःख या ठिकाणीच निर्माण होते. प्रत्येक जनुकाच्या आपणांजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. या विकारात दोहोंपैकी एका प्रतीतील बदलही पुरेसा होतो. ज्याच्याजवळ असा बदल आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. ‘निम्मा’ याचा अर्थ चार मुलांपैकी बरोबर दोघांना, असा कित्येक जण करतात. तो चूक आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते. पहिल्या दोघांना मिळाला म्हणून तिसरा सुटेल असा हिशेब येथे चालत नाही.

यावर आणखी एक गुंतागुंत आहे. बदल मिळालेल्या प्रत्येक माणसास आकडी येतेच असे नाही. समजा, एका घरात आजोबांना लहानपणी तापात आकडी येत असे. त्यांच्या मुलीला, म्हणजे मुलाच्या आत्याला, ती बाराव्या वर्षापर्यंत येत राहिली. मुलाच्या वडिलांना जन्मात कधी आकडी आली नाही. आणि नातवाला मात्र दुसरीच्या वर्गात, ताप नसताना, फळ्यासमोर उभा असताना आकडी आली. घरचे लोक म्हणणार, “आमच्या मुलाला तर कधी काही झालं नाही, हे सुनेच्या माहेरून आलं.” वस्तुतः वारसा वडिलांमार्फतच आला आहे, त्यांनी तो न भोगता पुढे पोहोचवला, इतकेच. हे जनुक आईकडून येते तितकेच बापाकडून येते आणि मुलाला मिळते तितकेच मुलीला. सुनेला दोष लावण्यास येथे कसलाही आधार नाही. तसेच, नात्यात लग्न केल्यामुळे, मामाची मुलगी केल्यामुळे हे झाले, ही समजूतही या विकारास लागू पडत नाही, कारण येथे दोन्हीकडच्या प्रती बिघडाव्या लागत नाहीत. इतर काही आजार नात्यातील विवाहाने वाढतात हे खरे. पण तो विषय निराळा.

घराण्यात आकडी असली म्हणजे हाच विकार, असेही समजण्याचे कारण नाही. साध्या तापातील आकडीतही पुष्कळ मुलांच्या भावंडांना किंवा आईबापांना लहानपणी तीच आलेली असते. शिवाय आपल्या देशात शाळकरी मुलांत आकडी येण्याचे एक मोठे कारण मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळ्या हे आहे, आणि त्याचा वारशाशी संबंध नाही. दक्षिणेकडे, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावरून कढत पाणी ओतून स्नान करताना येणारी आकडी आढळते. काही कुटुंबांत तीही एकाहून अधिक जणांना होते. सीमेवरच्या तालुक्यांतील शिक्षकांच्या कानी ‘न्हाणीघरात आलेली फीट’ अशी हकीकत आली तर ती त्यांनी खोटी मानू नये. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. शिक्षकाचे काम त्यांच्यापर्यंत नीट हकीकत पोहोचवण्याचे.

याच जनुकाशी निगडित असा एक अतिशय कठीण आजार आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. फ्रान्समधील शार्लोत द्राव्हे या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९७८ साली त्याचे वर्णन केले व त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. निरोगी दिसणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या सुमारास तापात दीर्घ काळ चालणारी, पुष्कळदा अंगाच्या एकाच बाजूची आकडी येते; पुढे निरनिराळ्या प्रकारचे झटके सुरू होतात आणि दुसऱ्या वर्षापासून मुलाची वाढ व बोलणे मागे पडू लागते. २००१ साली बेल्जियममधील संशोधकांना या मुलांत एससीएन-वन-ए जनुकातील बदल सापडले. बहुतेक मुलांत हा बदल आईबापांत नसतो. तो त्या मुलात नव्यानेच उद्भवलेला असतो. अपस्मारावर नित्य दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, या आजारात झटके वाढवू शकतात. तेव्हा शेजारच्या मुलाला ज्या गोळीने गुण आला तीच आपल्या मुलाला आणून देण्याची जी रीत गावोगाव आहे, ती किती घातक ठरू शकते, हे पालकांना सांगण्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

लसीकरणाचा प्रश्नही येथेच निघतो. लस टोचल्यावर ताप येतो, तापात आकडी येते, आणि मग पुढच्या साऱ्या दुखण्याचे खापर लसीवर फोडले जाते. इंग्लंडमध्ये १९७०नंतरच्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूस इजा होते अशी हूल उठली, आणि लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या आसपास घसरले. त्यानंतर डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. पुढे २००६ साली बर्कोविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांचा मेंदू लसीने बिघडला असे मानले जात होते अशा चौदा रुग्णांची तपासणी केली. त्यांतील अकरा जणांत एससीएन-वन-ए जनुकाचा बदल निघाला. लसीच्या तापाने आकडीस निमित्त मिळाले असेल. रोगाचे बीज आधीच होते. दहाव्या वर्षी शाळेत धनुर्वात व घटसर्पाची लस देण्याचा दिवस ठरतो तेव्हा “याला लहानपणी सुईनंच आकडी आली, टोचायचं नाही” असे म्हणणारा एखादा पालक भेटतोच. अशा वेळी वाद न घालता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे आधी न्यावे व मुलाची हकीकत त्यांना सांगावी. तापाची तयारी ठेवून लस देता येते.

वर्गात काय दिसते, याकडे आता वळू. मोठी आकडी ओळखावी लागत नाही. शिक्षकाच्या नजरेतून निसटतात त्या लहान गोष्टी. शुद्धलेखन सांगताना एखाद्या मुलाच्या वहीत मधलेच चारपाच शब्द गळालेले असतात, पुढचे वाक्य बरोबर असते. मोठ्याने वाचताना मूल ओळीच्या मध्येच थांबते, नजर स्थिर होते, पापण्या किंचित फडफडतात, आणि दहाबारा सेकंदांनी ते जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे वाचू लागते. विचारले तर त्याला आठवत नाही. असा मुलगा ‘लक्ष नसलेला’ म्हणून वर्षानुवर्षे बोलणी खातो. त्याला हाक मारून किंवा खांद्याला हात लावून पाहावे. दिवास्वप्नात रमलेले मूल भानावर येते. झटक्यातील मूल झटका संपेपर्यंत येत नाही. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी हात एकदम उडून हातातील पाटी पडणे, उभ्या उभ्या मान झटकन खाली जाणे, कारण नसताना धाडकन कोसळून लगेच उठणे, हेही पाहावे. यांतील प्रत्येक गोष्ट एकदा घडली तर तिला काही अर्थ नाही. आठवड्यात तीनदा घडली, आणि त्या मुलाला लहानपणी तापात आकडी येत होती असे कळले, तर मात्र तिला अर्थ आहे.

मोठी आकडी आली असता प्रथम घड्याळाकडे पाहावे. भीतीमुळे एक मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘किती वेळ चालली’ हाच असतो. जवळचे बाक, कंपासपेटी, दगड बाजूस सारावे, डोक्याखाली काही मऊ घडी ठेवावी, गळ्याजवळचे बटण सोडावे आणि मुलाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. हातपाय धरून ठेवू नयेत. दातांत चमचा, लाकूड, कापड, बोट, काहीही घालू नये. जीभ गिळली जाते ही समजूत खोटी आहे, आणि चमच्याने दात पडल्याची, बोट चावले गेल्याची उदाहरणे मात्र खरी आहेत. पाणी पाजू नये. कांदा फोडून नाकाशी धरणे, चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ली देणे यांनी आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबते, आणि श्रेय कांद्याला मिळते. चप्पल हुंगवण्याने एक गोष्ट नक्की घडते : शुद्धीवर आलेले मूल चाळीस मुलांदेखत अपमानित होते.

पाच मिनिटे झाली आणि आकडी थांबली नाही, किंवा एक थांबून मूल शुद्धीवर न येताच दुसरी सुरू झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास वेळ लागेल अशा वाडीवस्तीवर मिळेल त्या वाहनाने निघावे. काही मुलांना डॉक्टरांनी अशा प्रसंगासाठी नाकात फवारण्याचे मिडाझोलाम हे औषध लिहून दिलेले असते; पालकांनी ते शाळेत ठेवले असेल व डॉक्टरांची लेखी सूचना सोबत असेल तर शिक्षकाने ते कसे वापरावयाचे हे आधीच शिकून घ्यावे. आकडी जन्मात पहिल्यांदा आली असेल तर ती लवकर थांबली तरी मुलास त्याच दिवशी दवाखान्यात नेले पाहिजे. ताप, आकडी आणि त्यानंतर मान ताठ होणे, सतत उलट्या, झोपेतून जागे न होणे, अशी लक्षणे असतील तर मेंदूज्वराची भीती असते. गडचिरोलीसारख्या भागात हिवतापाने मेंदूवर परिणाम झाल्याचीही असते. ‘हे त्याच्या घरातच आहे’ असे म्हणून अशा मुलाला शाळेच्या ओसरीवर निजवून ठेवणे फार महागात पडेल.

आकडी ओसरल्यावर मूल झोपते, गोंधळते, कधी एक हात काही वेळ लुळा वाटतो. कपडे ओले झाले असतील. शाळेच्या कपाटात एक जुनी चड्डी, एक सदरा व एक परकर ठेवून द्यावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु ओल्या कपड्यांनी गावातून घरी गेलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही. वर्गातील इतर मुलांना त्याच दिवशी, ते मूल घरी गेल्यावर, साध्या शब्दांत सांगावे : याच्या मेंदूत थोडा वेळ गडबड झाली होती, ती थांबली, हा आजार स्पर्शाने लागत नाही, भूतबाधेने होत नाही. मुले हे मोठ्या माणसांपेक्षा लवकर पटवून घेतात.

तापाबद्दल एक गैरसमज डॉक्टरांच्या सल्ल्यानंतरही टिकून राहतो. पॅरासिटामॉल दिले की ताप उतरेल व आकडी टळेल, असे लोक धरून चालतात. त्या औषधाने मुलाला बरे वाटते व म्हणून ते द्यावे; परंतु त्याने आकडी हमखास टळते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. तेव्हा औषध देऊनही आकडी आली तर आईने स्वतःस दोष लावून घेऊ नये. थंडगार पाण्याच्या आंघोळी घालून मुलाला हुडहुडी भरवणे तर अगदीच अयोग्य. ज्या मुलाच्या आकड्या सहाव्या वर्षानंतरही चालू आहेत त्याला ताप असताना शाळेत पाठवू नये, आणि शाळेत असताना अंग तापले तर घरी निरोप पाठवावा. एरवी त्याला शाळेपासून, खेळापासून, सहलीपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. विहिरीत किंवा नदीत पोहणे आणि झाडावर चढणे यांवर मात्र मोठ्या माणसाची नजर हवी. चुलीजवळ त्याला एकटे बसवू नये. रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्या सणावारी, जत्रेत, लग्नाच्या गडबडीत चुकतात. जागरण आणि चुकलेली गोळी एकत्र आली की दुसऱ्या दिवशी आकडी येण्याचा संभव वाढतो. चांगली तीन महिने आकडी नाही म्हणून पालक आपल्या मनाने औषध बंद करतात, हेही नेहमीचेच.

घरच्या माणसांकडून हकीकत काढणे सोपे नसते. अपस्मार म्हटले की घरे मिटून घेतात, विशेषतः मुलगी असेल तर, कारण लग्नाचा प्रश्न पुढे उभा राहतो. या भीतीला एके काळी कायद्याचाही आधार होता. १९७६ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा वारंवार होणारा झटका हे विवाह अवैध ठरवण्याचे कारण म्हणून घातले गेले होते. १९९९ साली संसदेने ते काढून टाकले. आज केवळ अपस्मारामुळे विवाह बाधित होत नाही, हे ग्रामसभेत नव्हे पण एखाद्या घरी, योग्य वेळी, शिक्षकाने सांगितले तर त्याचा उपयोग होतो. चौकशी करताना ‘घराण्यात अपस्मार आहे का’ असे विचारू नये. उत्तर ‘नाही’ असेच येईल. “आजी, याच्या बाबांना लहानपणी ताप आला की काही व्हायचं का? डोळे फिरवायचे का?” असे विचारले की आजी मोकळेपणी सांगते, आणि बाबांपाठोपाठ आत्याचे, चुलत्याचेही सांगून टाकते. कोणाला तापात, कोणाला तापावाचून, कोणत्या वयात सुरू झाली व कोणत्या वयात थांबली, एवढे चार ओळींत लिहून घेतले तरी डॉक्टरांच्या हाती अर्धे निदान येते. मूळ ऑस्ट्रेलियन संशोधनही अशाच घराघरांतील चौकशीतून उभे राहिले होते.

या जनुकांची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते. ती करावी की नाही, तिच्यावरून औषध बदलावे की नाही, पुढच्या अपत्याविषयी काय सांगावे, हे मज्जातंतुतज्ज्ञाने ठरवावयाचे. शिक्षकाने यात मत देण्याचे टाळावे, मग पालक कितीही भरवशाने विचारोत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते व मुलांची तपासणी करते. त्यांच्या यादीत आकडी येण्याचा विकारही आहे. परंतु तपासणीच्या दहा मिनिटांत कोणत्याही मुलास आकडी येत नाही, आणि मूल स्वतः काही सांगत नाही. म्हणून अशा मुलासाठी एक छोटी वही राखून ठेवावी. तीत प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, त्या वेळी ताप होता की नव्हता, सुरुवात अंगाच्या एका बाजूने झाली की सर्वांगास एकदम, किती मिनिटे चालला, नंतर किती वेळ झोपले, हे लिहावे. पालकांची अनुमती असेल तर मोबाइलवर घेतलेले चित्रणही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. ते डॉक्टरांखेरीज कोणासही दाखवू नये व गावाच्या गटावर तर कदापि टाकू नये. वहीतील नोंदींची एक प्रत पालकांजवळ द्यावी, म्हणजे चौथीनंतर किंवा पाचवीनंतर मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ती तेथील वर्गशिक्षकाच्या हाती जाईल.